बेल्ट ‘तुटला म्हणून’ की ‘तुटावा म्हणून’? ‘सो दॅट’च्या एका चुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते. हे प्रकरण त्यांतल्याच एका विद्यार्थिनीचं आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

त्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर शिफ्ट सुपरवायझर होत्या. शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं, कामाचा अनुभव भरपूर, मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतील अशा. शिफ्ट संपली की त्यांना इंग्रजीत एक छोटा रिपोर्ट मेल करावा लागे. काय बिघडलं, आपण काय केलं, पुढच्या शिफ्टने कशाकडे लक्ष द्यायचं, एवढंच. पाच-सहा वाक्यांचा मामला. पण असा एखादा रिपोर्ट वाचून बघा. अमुक झालं म्हणून तमुक केलं, तमुक होऊ नये म्हणून अमुक केलं, आवाज इतका वाढला की काही ऐकू येईना. वाक्यामागून वाक्य उद्देशाचं नाहीतर परिणामाचं. रोजच्या इंग्रजीतला हा भाग ज्याला नीट जमत नाही, त्याला शिफ्ट रिपोर्ट लिहिताच येणार नाही.

त्या मात्र दोन वर्षं लिहीत होत्या आणि कुणाची तक्रार नव्हती. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. रिपोर्ट वाचणारे त्यांचे वरिष्ठ मराठी होते. इंग्रजी वाक्य वाचता वाचता ते मनातल्या मनात पुन्हा मराठीत करून घेत, आणि तिथे सगळं बरोबर लागे. मग त्यांची बदली झाली. नवे वरिष्ठ आले ते मराठी अजिबात न जाणणारे.

अडचण

एका रात्रपाळीत कन्व्हेयरचा बेल्ट फाटून तुटला. बाईंनी ताबडतोब लाइन थांबवली, माणसं बाजूला केली, मेकॅनिकला बोलावलं. अशा वेळी जे करायला हवं ते सगळं केलं. सकाळी रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं:

‘वी स्टॉप्ड द लाइन सो दॅट द बेल्ट ब्रोक.’

त्यांच्या मनातलं वाक्य होतं, ‘बेल्ट तुटला म्हणून आम्ही लाइन थांबवली.’ मेलमध्ये उतरलं ते असं: आम्ही लाइन थांबवली आणि त्यामुळे बेल्ट तुटला. फार काटेकोर वाचणारा तर त्यातून ‘बेल्ट तुटावा म्हणून लाइन थांबवली’ असंही वाचू पाहील. कारण आणि परिणाम यांची सरळ अदलाबदल झाली होती. तासाभरात नव्या वरिष्ठांचं उत्तर आलं: लाइन अचानक का थांबवली, कुणाच्या सांगण्यावरून थांबवली, आणि चालता बेल्ट तुटेल अशा पद्धतीने थांबवायची गरज काय होती, याचा लेखी खुलासा द्यावा.

त्या संध्याकाळी क्लासला आल्या तेव्हा मेलची प्रिंट त्यांच्या हातात होती. ‘मॅडम, मी तर लाइन वाचवली. हे मलाच का विचारतायत?’ आपण लिहिलेल्या वाक्यात काही चुकलंय हे त्यांना दिसतच नव्हतं. मला पहिल्या नजरेत दिसलं, पण ते का चुकलं हे नीट कळायला पुढचे काही दिवस गेले.

तातडीचा निर्णय: खुलासा

आधी खुलासा द्यायचा होता. पुन्हा सगळी गोष्ट इंग्रजीत रंगवून सांगायची, की घटनाक्रम वेळांसकट मांडायचा, असा प्रश्न होता. आम्ही दुसरा मार्ग घेतला. अलार्म किती वाजता वाजला, बेल्ट तुटल्याची नोंद किती वाजताची, लाइन थांबवल्याची नोंद किती वाजताची, हे सगळं मशीनच्या लॉगमध्ये होतं, आणि बेल्ट आधी तुटला हे त्यातून उघड दिसत होतं. बाईंनी तीन ओळी तशाच उतरवल्या आणि खाली एकच वाक्य लिहिलं: ‘द बेल्ट ब्रोक, सो वी स्टॉप्ड द लाइन.’ खुलासा मान्य झाला.

या वाक्याकडे जरा थांबून बघायला हवं. त्यात ‘दॅट’ नाही आणि दोन तुकड्यांचा क्रम मराठीसारखाच आहे: आधी बेल्ट तुटला, मग लाइन थांबवली. म्हणजे त्यांनी मनातलं मराठी वाक्य जसंच्या तसं, पुढचं पुढे आणि मागचं मागे ठेवून इंग्रजीत केलं असतं, तर ते बिनचूक आलं असतं. मग त्यांनी ते उलटं का केलं? तेव्हा मी हा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर पुढचे काही दिवस वाचले असते.

चूक नेमकी कुठे होती

माझा पहिला अंदाज सरधोपट होता: ‘सो दॅट’नंतर मोडल क्रियापद, म्हणजे कॅन, विल, कुड यांसारखं साहाय्यक क्रियापद, लागतं हे त्यांना माहीत नसावं. म्हणून नेहमीचा तक्ता काढला. मुख्य वाक्य वर्तमानात किंवा भविष्यात असेल तर पुढे कॅन, विल, मे. भूतकाळात असेल तर कुड, वुड, माइट. गाळलेल्या जागा भरायला दिल्या. त्यांनी सगळ्या बरोबर भरल्या. दुसऱ्या दिवशी आणखी अवघड दिल्या, त्याही बरोबर. आणि त्याच रात्रीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘वी कॉल्ड द मेकॅनिक सो दॅट द मोटर वॉज हॉट.’

मग मी त्यांना इंग्रजी वाक्य बाजूला ठेवायला सांगितलं. म्हटलं, ‘हे लिहिताना मनात मराठीत काय होतं, तेवढंच सांगा.’

‘मोटर तापली म्हणून मेकॅनिकला बोलावलं.’

‘आणि इंग्रजीत क्रम का बदललात?’

‘आम्हाला शिकवलं होतं ना, मॅडम. म्हणून म्हणजे सो दॅट, आणि इंग्रजीत वाक्य उलटं करायचं. म्हणूनच्या नंतरचं आधी.’

सगळं प्रकरण या एका उत्तरात होतं. असा नियम शिकवणाराही पूर्ण चुकलेला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे ‘चांगले गुण मिळावेत म्हणून ती अभ्यास करते’ या जातीचं वाक्य असणार. ते इंग्रजीत नेताना ‘ती अभ्यास करते’ आधी येतं, मग ‘सो दॅट’, मग गुण. नियम त्या वाक्याला चपखल बसतो. तो ‘म्हणून’ असलेल्या प्रत्येक वाक्याला लावला की घोटाळा होतो.

कारण मराठीतलं ‘म्हणून’ एकटंच पुष्कळ कामं करतं. शाळेच्या व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आठवा: परिणामबोधक अव्ययांत ‘म्हणून’ आहे, उद्देशबोधकांत आहे, स्वरूपबोधकांतही आहे. शब्द तोच. मग ऐकणाऱ्याला अर्थ कसा कळतो? तो ‘म्हणून’च्या आधीच्या क्रियापदावरून कळतो:

बेल्ट तुटला म्हणून लाइन थांबवली.
बेल्ट तुटू नये म्हणून लाइन थांबवली.

पहिल्यात ‘तुटला’. घडून गेलेली गोष्ट, म्हणजे कारण. दुसऱ्यात ‘तुटू नये’. न घडलेली, घडायला नको अशी गोष्ट, म्हणजे उद्देश. होकारार्थी असेल तर ‘-ावा, -ावी, -ावं’ येतं: पाणी जावं म्हणून, लवकर पोचावं म्हणून. जुन्या व्याकरणात याला वाख्यात म्हणतात, शाळेत आपण विध्यर्थ म्हणून शिकतो. इंग्रजीत ‘सो दॅट’च्या पुढे कॅन, कुड, विल, वुड जे काम करतात, ते मराठीत हा ‘वा’ करतो. आपली मोडल क्रियापदं क्रियापदाच्या शेपटाला चिकटलेली असतात, इंग्रजीची सुटी उभी असतात.

हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला, हे लिहायलाच हवं. उद्देश आणि कारण यांतला फरक या बाईंना नव्याने शिकवायचाच नव्हता. ‘तुटला म्हणून’ आणि ‘तुटावा म्हणून’ यांत त्यांची गल्लत जन्मात झाली नसती. जे त्यांना पक्कं येत होतं त्याकडे इंग्रजीच्या तासाला कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि त्यात मीही आले.

पुढे असलेले मार्ग

तीन मार्ग दिसत होते.

तक्ता आणखी घोटवून घ्यायचा, हा पहिला. तो मी सोडून दिला. रिकाम्या जागेच्या स्वाध्यायात ‘सो दॅट’ छापलेलंच असतं, पुढे कॅन की कुड एवढंच ठरवायचं असतं. त्यांची चूक त्याच्या आधीच्या पायरीवर होती: इथे ‘सो दॅट’ हवं का? हा प्रश्न कुठलाच तक्ता विचारत नाही.

दुसरा मार्ग, ‘सो दॅट’वर बंदी. कारण असेल तर बिकॉज, परिणाम असेल तर सो, उद्देश असेल तर टू. सोपा आणि सुरक्षित. तोटा असा की ‘टू’ फक्त कर्ता एकच असताना चालतो. ‘आय ओपन्ड द कव्हर टू चेक द बेल्ट’ ठीक आहे, कारण उघडणारी मी आणि तपासणारीही मीच. ‘मेकॅनिकला आत बघता यावं म्हणून मी कव्हर उघडलं’ यात दोन माणसं आहेत, आणि तिथे नुसत्या ‘टू’ने भागत नाही. शिफ्टच्या कामात अशी दोन माणसांची वाक्यंच जास्त. एकाने करून ठेवायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं.

तिसरा मार्ग मराठीतून जाण्याचा. आधी मराठी वाक्य, त्यातलं ‘म्हणून’च्या आधीचं क्रियापद, मग इंग्रजी. याबद्दल माझ्या मनात खरीखुरी शंका होती. इंग्रजीत विचार करा, भाषांतर करू नका, हे आम्ही शिक्षक सतत सांगत असतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण या बाई भाषांतर करतच होत्या. प्रश्न एवढाच होता की ते डोळे मिटून करायचं की उघडे ठेवून.

रिपोर्ट तर रोज जायचा होता. त्यामुळे पहिला आठवडा बंदी, प्रथमोपचार म्हणून, आणि क्लासमध्ये तिसरा मार्ग, असं ठरवलं.

काय केलं

बाईंना आपले जुने रिपोर्ट उघडून प्रत्येक ‘सो दॅट’च्या खाली आपलं मूळ मराठी वाक्य वहीत लिहायला सांगितलं. मग ‘म्हणून’च्या आधीच्या क्रियापदाला पेन्सिलने गोल करायचा. गोलात ‘वा’ किंवा ‘नये’ आलं तर ‘सो दॅट’ राहील. गोलात ‘ला’, ‘ली’, ‘तो’, ‘आहे’, ‘होता’ आलं तर ‘सो दॅट’ पुसायचं. वाक्य मराठीच्याच क्रमाने लिहून मध्ये ‘सो’ घालायचं, किंवा उलटं करून ‘बिकॉज’.

वहीचं एक पान भरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, ‘मॅडम, यातली निम्म्याच्या वर ला-ली वालीच आहेत.’ दोन वर्षांचे रिपोर्ट त्या नव्याने वाचत होत्या.

उरलेल्या वाक्यांत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती मी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती, त्या वहीतच दिसली. त्यांची उद्देशाची मराठी वाक्यं दोन तऱ्हांची होती. काहींत ‘-ता यावं’ होतं: बघता यावं, काढता यावं, ऐकता यावं. काहींत नुसतं ‘-ावं’ किंवा ‘नये’: पाणी वाहून जावं, बेल्ट घसरू नये. पहिल्या तऱ्हेत कुणाला तरी वाट मोकळी करून द्यायची असते. इंग्रजीत तिथे कॅन किंवा कुड बसतं: ‘आय ओपन्ड द कव्हर सो दॅट द मेकॅनिक कुड सी द रोलर.’ दुसऱ्या तऱ्हेत एखादी गोष्ट घडावी किंवा टळावी असं असतं, तिथे विल किंवा वुड: ‘वी टाइटन्ड द बोल्ट सो दॅट द बेल्ट वुडन्ट स्लिप.’ हा काही लोखंडी नियम नव्हे. दोन्ही चालतील अशी वाक्यं भेटतात, आणि इंग्रजी बोलणारे अशा जागी कॅनकडे जास्त झुकतात. पण कॅन की विल यावर अडून बसणाऱ्या मराठी माणसाला हा धागा निदान आपल्या हातातला वाटतो. मे आणि माइट याच अर्थाने येतात, जरा औपचारिक, आणि शिफ्ट रिपोर्टला त्यांची गरज पडली नाही.

काळाचा प्रश्न वेगळा घ्यावा लागला. ‘बाळ झोपावं म्हणून दिवा मालवते, मालवला, मालवीन.’ तिन्ही ठिकाणी ‘झोपावं’ जागचं हलत नाही. मराठीत उद्देशाचं रूप मुख्य क्रियापदाच्या काळाकडे बघत नाही, इंग्रजीतलं बघतं: मालवते तर कॅन, मालवला तर कुड. हे त्यांना तक्त्यामुळे येत होतं, त्यामुळे त्यात फार वेळ घालवला नाही. मात्र इथेच माझ्या हातून एक चूक झाली, ती पुढे सांगते.

‘करता यावं’ आणि ‘करता आलं’

बंदी उठल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘वी रिमूव्ड द साइड कव्हर सो दॅट वी कुड टेक आउट द जॅम्ड बॉक्स.’ वाक्य निर्दोष. माझ्याकडे दाखवायला आणलं तेव्हा मीही शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा एका ओळीचा मेल: बॉक्स निघाला का?

बॉक्स निघाला होता. बाईंना वाटत होतं की आपण ते लिहिलंच आहे. ‘कुड म्हणजे करू शकलो ना?’

ही जागा मला सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते, आणि बहुतेक वर्गांत ती निसटून जाते. ‘सो दॅट वी कुड’ हेतू सांगतं, तो साधला का याबद्दल चकार शब्द काढत नाही. मराठीत ‘बॉक्स काढता यावा म्हणून कव्हर काढलं’ म्हटलं की ऐकणारा विचारतोच, ‘मग निघाला का?’ वरिष्ठांनी अगदी तेच विचारलं होतं. झालेली गोष्ट सांगायची तर मराठीत ‘कव्हर काढलं म्हणून बॉक्स काढता आला’ असं येईल. गोलात ‘लं’. इंग्रजीत मग ‘वी रिमूव्ड द साइड कव्हर, सो वी वेअर एबल टू टेक आउट द बॉक्स’, किंवा त्याहून सरळ, ‘वी रिमूव्ड द कव्हर अँड टुक आउट द बॉक्स’.

इथे नुसतं ‘कुड’ का चालत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. एका विशिष्ट प्रसंगी एखादी गोष्ट जमली हे सांगायला होकारार्थी वाक्यात इंग्रजी सहसा कुड वापरत नाही. वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू येतं. नकारार्थी वाक्यात मात्र कुडन्ट खुशाल चालतं: ‘द नॉइज वॉज सो लाउड दॅट वी कुडन्ट हिअर द अलार्म.’ आवाज इतका होता की अलार्म ऐकू येईना. हे परिणामाचं वाक्य आहे, अलार्म खरोखरच ऐकू आला नाही.

तेव्हा कुड दोन्हीकडे दिसतं. ‘सो दॅट वी कुड हिअर’ म्हणजे ऐकू यावं म्हणून. ‘सो लाउड दॅट वी कुडन्ट हिअर’ म्हणजे इतका मोठा की ऐकू येईना. दुसऱ्यात ‘सो’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये विशेषण शिरलेलं आहे, आणि मराठीतही तिथे ‘म्हणून’ नसतं, ‘इतका... की’ असतं. ही जोडी बाईंना एकदाच सांगावी लागली. ‘इतका... की’ने त्यांना कधीच फसवलं नाही, कारण ते दुसरं कुठलं काम करत नाही.

विशेषण मध्ये न येता, आधी स्वल्पविराम देऊन नुसतं ‘सो दॅट’ परिणामासाठी येतं, तेही सांगणं भाग होतं: ‘द बोल्ट वॉज लूज, सो दॅट द बेल्ट केप्ट स्लिपिंग.’ बोल्ट सैल होता, त्यामुळे बेल्ट घसरत राहिला. त्यात मोडल क्रियापद नाही, सगळं घडलेलं आहे. हे बरोबर इंग्रजी आहे, आणि त्या पहिल्या दुर्दैवी वाक्याचा वाचणाऱ्याने ‘त्यामुळे बेल्ट तुटला’ असा अर्थ लावला तो याच वाटेने. वाचताना ओळखा, लिहिताना ‘सो’ पुरे, असं आम्ही ठरवलं. शंका आली तर एक पारख आहे: ‘सो दॅट’चा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला नेऊन बघायचा. उद्देशाचा तुकडा पुढे नेता येतो, परिणामाचा येत नाही. ‘सो दॅट द बेल्ट वुडन्ट स्लिप, वी टाइटन्ड द बोल्ट’ चालतं. ‘सो दॅट द बेल्ट केप्ट स्लिपिंग, द बोल्ट वॉज लूज’ कानालाच खुपतं. आधी परिणाम आणि मग कारण अशी मांडणी इथे बसत नाही.

आडवाटेला सापडलेलं

‘लेस्ट’ (अमुक होऊ नये म्हणून) हा शब्द त्यांनी कुठल्याशा जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून उचलला होता, पुढे शुड येतो एवढ्या नियमासकट. वापरला तो असा: ‘लेस्ट द बेल्ट शुड नॉट ब्रेक.’ लेस्टच्या पोटातच नकार आहे, वर आणखी ‘नॉट’ घातलं की अर्थ पालटतो: बेल्ट न तुटण्याचीच भीती! रोजच्या इंग्रजीत हा शब्द फारसा येत नाही. काढून टाकला.

‘इन केस’ मात्र ठेवावं लागलं. ‘बेल्ट तुटू नये म्हणून जादा बेल्ट जवळ ठेवला’ असं त्यांनी मराठीतच लिहिलं, आणि मग स्वतःच थांबून म्हणाल्या, जादा बेल्ट जवळ ठेवल्याने चालू बेल्ट तुटायचा थोडाच थांबतो? बरोबर. तो तुटलाच तर हाताशी असावा म्हणून. ही आधीची तजवीज झाली, तुटणं टाळणं नव्हे: ‘वी केप्ट अ स्पेअर बेल्ट नीअरबाय इन केस धिस वन ब्रेक्स.’ इन केसच्या पुढे विल येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो.

आणि ‘नॉट टू’. कर्ता एकच असताना टाळण्याचा उद्देश सांगायला नुसतं ‘नॉट टू’ सहसा चालत नाही, ‘सो अ‍ॅज नॉट टू’ किंवा ‘इन ऑर्डर नॉट टू’ लागतं. हे पाठच करावं लागलं. मराठीतून तिकडे जायची वाट मला सापडली नाही.

निष्पत्ती

तीनेक महिन्यांनी रिपोर्टमधली कारण-उद्देशाची अदलाबदल थांबली होती. पेन्सिलचा गोल कधी सुटला हे त्यांनाही सांगता आलं नाही. एके दिवशी वहीच आणली नाही, एवढंच. बोलताना त्या सरळ ‘सो’ आणि ‘बिकॉज’ वापरतात. बोलीत ‘दॅट’ गळूनच जातं, ‘सो यू कॅन सी’ एवढं पुरतं आणि बाकी अर्थ आवाजाच्या चढउतारावरून कळतो. वरिष्ठांकडून खुलासे मागणारे मेल बंद झाले. ‘काढता यावं’ आणि ‘काढता आलं’ यांतलं कुड अजून अधूनमधून निसटतं. घाईच्या रात्री हमखास.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच संध्याकाळी मनातलं मराठी वाक्य विचारायला हवं होतं. दोन दिवस मी तक्ते भरून घेतले ते चूक बघून तिच्यामागचा नियम गृहीत धरल्यामुळे. त्यांच्याकडे नियम होता, फक्त मला वाटला तो नव्हता.

बंदीचा आठवडाही जास्त झाला. त्या काळात त्यांनी दोन माणसांची वाक्यं लिहिणंच टाळलं. पुढच्या शिफ्टसाठी काय करून ठेवलंय हे रिपोर्टमधून गायब झालं, आणि एकदा सकाळच्या सुपरवायझरला फोन करून विचारावं लागलं. भाषेची सुरक्षितता मिळवायला कामाची माहिती खर्ची पडली. आता असं कुणी आलं तर बंदी दोन दिवसांच्या वर ठेवणार नाही, आणि तेवढ्यातही ‘सो दॅट द नाइट शिफ्ट कॅन’ या साच्याला मोकळीक देईन.

आणि ती माझी चूक. एका रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं होतं, ‘आय केप्ट द स्पेअर बेल्ट नीअर द मशीन सो दॅट द नाइट शिफ्ट कॅन चेंज इट क्विकली.’ ‘केप्ट’ भूतकाळ म्हणून मी कॅन खोडून वर कुड लिहिलं. त्यांनी मुकाट्याने दुरुस्ती केली. घरी आल्यावर लक्षात आलं, मेल संध्याकाळी पाठवलेला, रात्रपाळी अजून सुरू व्हायची होती. बेल्ट ठेवून झाला होता, पण तो बदलायची वेळ पुढेच होती. उद्देश अजून उभा असेल तर मुख्य क्रियापद भूतकाळात असूनही कॅन चालतं, आणि इथे तर तेच जास्त नेमकं होतं. पुढच्या तासाला मी त्यांची माफी मागितली आणि सगळं पुन्हा समजावलं: ज्या क्षणी लिहिताय, त्या क्षणी ती गोष्ट अजून व्हायची आहे का ते बघा. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत काही लिहिलं नाही. शिक्षकाने एकदा बरोबर वाक्य खोडलं की विद्यार्थी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायला घाबरतो, हे मला माहीत असल्याने मला तो प्रसंग टोचत राहिला.

गेल्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. खाली रिपोर्टमधलं एक वाक्य चिकटवलेलं: ‘आय पुट द टॉर्न बेल्ट इन द स्टोअर सो दॅट यू कॅन सी व्हेअर इट स्प्लिट.’ आणि त्यापुढे मराठीत, ‘इथे कुड नको ना मॅडम? साहेब उद्या येणार आहेत बघायला. बेल्ट अजून तिथेच आहे.’